बोअर युद्धाच्या विरोधकांविषयी एका संशोधक विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. दक्षिण आफ्रिकेतील बोअरांच्या, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या, प्रजासत्ताकांशी ब्रिटनने केलेल्या बोअर युद्धाला ब्रिटनमध्ये झालेल्या विरोधाचा इतिहास तू लिहू पाहत आहेस आणि पहिल्याच प्रकरणात त्या विरोधाला अपयशी ठरवून मोकळी झाली आहेस. युद्ध थांबले नाही एवढ्यावरून निकाल द्यायचा असेल, तर प्रबंध दोन पानांतच संपेल. विरोधकांनी भाषणांत काय म्हटले हे तू भरपूर टिपले आहेस. त्यांनी काय उजेडात आणले आणि त्यांच्या नजरेतून काय सुटले, याचा शोध आता घे.

विरोध किती अवघड होता, हे मात्र आधी नीट मांड. ऑक्टोबर १८९९ मध्ये युद्ध पेटले, मे १९०० मध्ये मॅफेकिंग या ब्रिटिशांच्या ताब्यातील गावाला बोअरांनी घातलेला वेढा उठल्याच्या बातमीने लंडनचे रस्ते जल्लोषाने भरून गेले आणि त्याच वर्षीची सार्वत्रिक निवडणूक सत्ताधाऱ्यांनी युद्धाच्या लाटेवर जिंकली. विरोधी बाकांवरचा लिबरल पक्ष दुभंगला होता. अ‍ॅस्क्विथ आणि ग्रे युद्धाच्या बाजूने होते, तर लॉइड जॉर्ज विरोधात. वसाहतमंत्री चेंबरलेन यांच्या बर्मिंगहॅममध्ये १८ डिसेंबर १९०१ रोजी लॉइड जॉर्ज बोलायला गेले, तेव्हा जमावाने सभागृहावर हल्ला केला आणि त्यांना पोलिसाच्या वेषात बाहेर काढावे लागले. हा प्रसंग तू चार पाने रंगवला आहेस, एक पुरे. त्याऐवजी विरोधकांच्या लेखनातील एका डागाकडे वळ. अर्थतज्ज्ञ जे. ए. हॉब्सन यांनी ट्रान्सव्हाल या बोअर प्रजासत्ताकातील सोन्याच्या खाणींमागच्या भांडवलावर बोट ठेवले, ते योग्यच होते. परंतु त्या भांडवलदारांविषयी लिहिताना ते उघड ज्यूद्वेषात घसरले. आपल्याला ज्यांची बाजू पटते त्यांचा हा दोष झाकण्याचा मोह होतो. तो टाळ.

तुझ्या प्रबंधाचा गाभा ब्रिटिश समाजसेविका एमिली हॉबहाउस यांचे काम हाच असायला हवा. बोअरांची गनिमी लढाई मोडून काढण्यासाठी ब्रिटिश सैन्याने शेते व घरे जाळली आणि बायकामुलांना छावण्यांत नेऊन ठेवले. जानेवारी १९०१ मध्ये हॉबहाउस ब्लोमफॉन्टेनच्या छावणीत पोचल्या. एका तंबूत किती माणसे राहतात, पाणी कुठून येते, शिधा किती मिळतो, ज्यांचे पुरुष अजून लढत आहेत त्या कुटुंबांना कमी शिधा का, साबण का दिला जात नाही, असे प्रश्न त्यांनी विचारले, उत्तरे टिपली आणि जिथे शक्य होते तिथे तिथल्या तिथे सुधारणा मागितली. जून १९०१ मध्ये त्यांचा अहवाल ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्याकडून हकीकत ऐकल्यावर लगेचच, १४ जून रोजी, लिबरल नेते कॅम्बेल-बॅनरमन यांनी हे युद्ध रानटी पद्धतींनी चालवले जात असल्याचे जाहीरपणे म्हटले. तोपर्यंत ते दोन्ही गटांना सांभाळून बोलत असत.

सरकारने मग स्त्री-मताधिकार चळवळीच्या नेत्या मिलिसेंट फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली केवळ स्त्रियांचे चौकशी मंडळ पाठवले आणि हॉबहाउस यांना त्यातून वगळले. फॉसेट युद्धाच्या समर्थक होत्या, तरीही त्यांच्या मंडळाने मुख्य आरोप खरे ठरवले आणि परिचारिका, शिधा व स्वच्छता यांविषयी कडक शिफारशी केल्या. ऑक्टोबर १९०१ मध्ये गोऱ्यांच्या छावण्यांतील मृत्युदर वार्षिक हिशेबाने हजारी ३४४ वर गेला होता. छावण्या लष्कराकडून मुलकी प्रशासनाकडे गेल्या, सुधारणा झाल्या आणि फेब्रुवारी १९०२ पर्यंत तो हजारी ६९ वर आला. तोवर हजारो मुले दगावली होती; एकूण बळी २६,००० च्या वर गेले आणि त्यांत बहुसंख्य मुलेच होती. विरोधाचे यश आणि अपयश मोजायचे ते या आकड्यांपाशी.

गांधींची सहानुभूती बोअरांकडे असूनही त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या ब्रिटिश वसाहतीत ब्रिटिशांसाठी भारतीयांचे रुग्णसेवा पथक उभारले, हा विषय तुला खुणावतो आहे असे टिपणांवरून दिसते. तो एका तळटीपेपुरता ठेव; त्याला स्वतंत्र अभ्यास लागेल.

आता जे सुटले त्याविषयी. आफ्रिकी लोकांसाठी वेगळ्या छावण्या होत्या आणि तेथील नोंदवलेले मृत्यूच १४,००० हून अधिक आहेत. हॉबहाउस यांना तेथील हाल कानावर आले होते, पण त्या स्वतः तिथे गेल्या नाहीत. फॉसेट मंडळही गेले नाही. लंडनच्या सभांत बोअर स्त्रीच्या दुःखाला जी जागा मिळाली, ती आफ्रिकी स्त्रीला मिळाली नाही, आणि पुढचे राजकारण याच रेषेवर चालले. युद्ध संपवणाऱ्या मे १९०२ च्या तहाच्या आठव्या कलमाने आफ्रिकी लोकांच्या मताधिकाराचा प्रश्न स्वराज्य मिळेपर्यंत पुढे ढकलला. ट्रान्सव्हालला १९०६ मध्ये स्वराज्य दिले ते पुढे पंतप्रधान झालेल्या कॅम्बेल-बॅनरमन यांच्याच सरकारने, आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण आफ्रिका संघाच्या संसदेत सदस्यत्व फक्त गोऱ्यांपुरते राहिले. तुझ्या आराखड्यात तहानंतरचे काहीच नाही. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण या आठव्या कलमावर लिही, आणि त्यासाठी हॉबहाउस व फॉसेट मंडळ या दोघांचे अहवाल मुळातून, शेजारी शेजारी ठेवून वाच.

कळावे,
तुझा शुभचिंतक