रोजच्या वापराचे घड्याळ : क्वार्ट्झ, चावीचे की ऑटोमॅटिक?

मनगटी घड्याळाच्या मशीनविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. सोलापुरात घड्याळदुरुस्तीचे काम करताना माझ्या टेबलावर रोज जे दिसते, त्याच्याच आधारे हे लिहितो आहे. घड्याळाच्या आतल्या संपूर्ण यंत्रणेला दुकानात आपण ‘मशीन’ म्हणतो, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. माझे सातशे रुपयांचे सेलवरचे घड्याळ महिन्याकाठी अर्धा मिनिटही चुकत नाही. मुलाने मात्र चाळीस हजारांचे ऑटोमॅटिक घड्याळ घेतले आणि ते रोज पंधरा सेकंद पुढे जाते. ते सदोष आहे का?

उत्तर : नाही, ते सदोष नाही. या दोन घड्याळांची वेळ मोजण्याची पद्धतच मुळात वेगळी आहे. आपल्या घड्याळात क्वार्ट्झ स्फटिकाचा चिमट्यासारखा दुपाखी, अगदी बारीक तुकडा असतो आणि सेलमधून वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे, कारण तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो. त्या एका ठोक्यावर लहानशी मोटर सेकंदकाटा एक घर पुढे सरकवते. साध्या क्वार्ट्झ घड्याळाची चूक त्यामुळे महिन्याला पंधरा-वीस सेकंदांच्या आसपास राहते.

मुलाच्या घड्याळात वीज नाही. गुंडाळलेली मेन स्प्रिंग उलगडत जाते आणि तिच्या जोरावर बॅलन्स व्हील हे छोटे चाक हेअर स्प्रिंगच्या ओढीने डावीकडे-उजवीकडे झुलत राहते. त्याचे तासाला २१,६०० किंवा २८,८०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला सहा किंवा आठ. स्फटिकाच्या तुलनेत हे फार थोडे आहेत, आणि या झुलण्यावर उष्णतेचा, तेलाच्या घट्टपणाचा, स्प्रिंगच्या ताणाचा आणि घड्याळ आडवे आहे की उभे याचाही परिणाम होतो. तरीही दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत पंधरा सेकंदांची चूक म्हणजे हजार सेकंदांमागे पाव सेकंदही नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये तपासून ‘क्रोनोमीटर’ प्रमाणपत्र मिळालेल्या मशीनलाही दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मोकळीक दिलेली असते. सेइको या जपानी कंपनीच्या कारखान्यातून निघणारे आणि अनेक कंपन्या वापरत असलेले एनएच ३५ हे मशीन दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे या मर्यादेत चालेल, असे कंपनीच सांगते. चाळीस हजार रुपये अचूकतेसाठी मोजलेले नसतात. ते पोलाद, काच, डायलचे काम आणि चाकांवरची कारागिरी यांसाठी मोजलेले असतात.

मुलाला एक प्रयोग करून पाहायला सांगा. रात्री घड्याळ एक आठवडा डायल वर करून ठेवावे आणि पुढचा आठवडा किल्लीची, म्हणजे वेळ लावण्याच्या कडेच्या बटणाची, बाजू वर करून उभे ठेवावे. बहुतेक मशीनमध्ये या दोन स्थितींत काही सेकंदांचा फरक पडतो. दिवसभर पुढे गेलेले घड्याळ रात्री ज्या स्थितीत थोडे मागे पडते, ती स्थिती सापडली की घड्याळ न उघडताच निम्मी तक्रार मिटते.

जाता जाता एक गोष्ट नोंदवाविशी वाटते. पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सेइकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानमध्ये विक्रीस आणले, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. तेवढ्या पैशांत तिकडे मोटारगाडी येत असे. आपल्या सातशे रुपयांच्या घड्याळात आज तीच विद्या आहे.

प्रश्न : मला बँकेत नोकरी लागली आहे. बारा हजारांपर्यंत एकच चांगले घड्याळ घ्यायचे आहे. दुकानदार ऑटोमॅटिक घ्या म्हणतात. काय करावे?

उत्तर : आपण ते रोज, सुटीच्या दिवशीही, हातात घालणार आहात का, हे आधी ठरवा. ऑटोमॅटिक मशीनमध्ये अर्धचंद्रासारखे एक वजन असते. हात हलला की ते फिरते आणि स्प्रिंग भरते. पूर्ण भरलेली स्प्रिंग या किमतीच्या घड्याळांत साधारण चाळीस तास पुरते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुटी असते. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेले घड्याळ रविवारी दुपारपर्यंत थांबते, आणि सोमवारी सकाळी डब्याच्या घाईत वेळ, वार आणि तारीख असे तिन्ही लावावे लागते. शिवाय टेबलावरच्या कामात हात फारसा हलत नाही, त्यामुळे स्प्रिंग पूर्ण भरतेच असे नाही. अशा वेळी घालण्यापूर्वी किल्लीचे तीसेक वेढे द्यावेत. पण खरेदी करतानाच विचारून घ्या, कारण सेइकोच्या जुन्या ७एस२६ मशीनसारख्या काही ऑटोमॅटिक घड्याळांना हाताने चावी देताच येत नाही.

तारखेविषयी एक पथ्य कसोशीने पाळावे. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत काटे असतील, तर किल्लीने तारीख बदलू नये. त्या वेळी तारखेचे चाक मुख्य चाकांत गुंतलेले असते आणि जबरदस्ती केल्यास दात तुटतो. थांबलेल्या घड्याळात काटे दिवसाच्या नऊवर आहेत की रात्रीच्या, हे कळत नाही. म्हणून आधी काटे सहावर आणावेत आणि मगच तारीख लावावी.

‘एवढ्या ज्युवेलचे मशीन’ या आकड्यावर भाळू नका. ज्युवेल म्हणजे चाकांच्या टोकांची झीज होऊ नये म्हणून बसवलेले कृत्रिम माणिक. चावीच्या साध्या घड्याळाला सतरा पुरतात आणि ऑटोमॅटिकला एकवीस ते पंचवीस. माझे मत विचाराल तर एकुलत्या एका घड्याळासाठी मी क्वार्ट्झच सुचवीन, आणि वाचलेले पैसे चांगली काच, घट्ट बसणारे मागचे झाकण आणि पन्नास किंवा शंभर मीटरची पाणीरोधक क्षमता यांवर खर्च करायला सांगीन. पाणी येण्याच्या दिवशी बॅरल भरताना हात कोपरापर्यंत ओला होतो. डायलवर ‘३० मीटर’ लिहिलेले घड्याळ फार तर अंगावर उडालेले शिंतोडे सोसते.

प्रश्न : वडिलांचे एचएमटी जनता कपाटात सापडले. चावी दिली की चालते, पण दिवसाला सहा-सात मिनिटे पुढे जाते. ते रोज वापरता येईल का?

उत्तर : येईल, आणि वापरावेच. हा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने १९६१ मध्ये बेंगळुरूत मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. लग्नात जावयाला, दहावी झालेल्या मुलाला आणि निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला एचएमटीच द्यायचे, असा एक काळ आपल्याकडे होता. जनताचे मशीन सतरा ज्युवेलचे, चावीचे आणि तासाला १८,००० ठोक्यांचे आहे. ते कानाशी धरले तर सेकंदाला पाच टिकटिक मोकळ्या ऐकू येतात. रचना इतकी साधी आहे की नीट धुऊन तेल दिलेले जनता घड्याळ आजही दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत बसवता येते.

घड्याळ मिनिटांनी पुढे जाऊ लागले की मी प्रथम हेअर स्प्रिंग पाहतो. केसाहून बारीक पट्टीची ही सपाट गुंडाळी असते आणि तिच्या प्रत्येक दोन वेढ्यांमध्ये सारखी फट दिसली पाहिजे. लोहचुंबकाजवळ राहिल्याने वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि बॅलन्स व्हील घाईने झुलू लागते. घरात चुंबक कमी नाहीत : पर्सचे बटण, मोबाइलचे फ्लिप कव्हर, रेडिओचा आणि टीव्हीचा स्पीकर. लहान होकायंत्र घड्याळाच्या काचेवर धरा. सुई थरथरली किंवा घड्याळाच्या ठोक्यांबरोबर हलू लागली, तर दोष चुंबकाचाच असण्याची शक्यता मोठी. डीमॅग्नेटायझर या चुंबकत्व घालवणाऱ्या यंत्रावर तो अर्ध्या मिनिटात जातो.

होकायंत्राने काही दाखवले नाही, तर दुसरे कारण तेलाचे असते. शिकाऊ असताना एका जनता घड्याळात मी गरजेपेक्षा जास्त तेल घातले होते. दोन आठवड्यांनी मालक ते परत घेऊन आले, तेव्हा ते दिवसाला दहा मिनिटे पुढे जात होते. झाकण उघडून भिंगाखाली पाहिले तर तेल पसरत हेअर स्प्रिंगवर गेले होते आणि बाहेरचे दोन वेढे ओल्या दोऱ्यासारखे चिकटले होते. सुईच्या टोकावर दिसेल न दिसेल एवढाच थेंब ज्युवेलच्या वाटीत सोडायचा असतो, हे मी त्या दिवशी शिकलो आणि अजूनही थेंब सोडताना श्वास रोखतो. कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या घड्याळात याच्या उलटही घडते. तेल वाळून ज्युवेलभोवती तपकिरी कडे धरते, आणि तसेच चालवत राहिले तर चाकांची टोके कोरडी घासली जातात. म्हणून आपले घड्याळ आता चालते आहे एवढ्यावर समाधान न मानता ते पूर्ण उघडून, धुऊन, तेल देऊन घ्या. ‘वरून तेल सोडून देतो’ असे कोणी म्हणाले, तर घड्याळ परत खिशात ठेवा.

त्यानंतर रोज सकाळी ठरावीक वेळी चावी द्या. किल्ली घट्ट लागली की थांबा. वेळ ठरलेली असली की स्प्रिंगचा ताण रोज एकाच पट्ट्यात राहतो आणि चाल स्थिर होते. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, त्यामुळे सुटे भाग आता जुन्या मशीनमधूनच मिळतात. डायल नव्याने रंगवून घेण्याचा आग्रह मात्र कोणी केला तरी करू नका. वडिलांच्या हातावर पिवळी पडलेली डायल पुन्हा मिळणार नाही.

प्रश्न : मी यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे. दोन ऑटोमॅटिक घड्याळे बिघडली. आमच्या कामाला कोणते मशीन टिकेल?

उत्तर : मागाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटालाही हादरा बसतो, आणि तो पाळीभर बसत राहतो. बॅलन्स व्हीलच्या आसाची टोके साधारण केसाएवढी बारीक असतात. चांगल्या घड्याळात त्यांच्या ज्युवेलला धक्का झेलणारी स्प्रिंग असते, परंतु तिची योजना कधीतरी बसणाऱ्या धक्क्यासाठी आहे, अखंड थरथरीसाठी नव्हे. ऑटोमॅटिकचे फिरते वजनही अशा कामात लवकर सैल होते. आपण काटेच नसलेले डिजिटल क्वार्ट्झ घ्यावे, कारण त्यात वेळ दाखवणारा एकही भाग हलत नाही. काटे हवेच असतील, तर साधे क्वार्ट्झ चालेल. सुताची पूड आत जाते ती बहुधा किल्ली बाहेर ओढून ठेवल्याने, किंवा सेल बदलताना झाकणाखालचे रबर नीट न बसवल्याने. म्हणून कारखान्यात वेळ लावत बसू नका. धातूची साखळीही नको. रबरी पट्टा मागात अडकला तर तुटतो, साखळी हात ओढून नेते.

प्रश्न : माझे क्वार्ट्झ घड्याळ मे महिन्यात मागे पडते. आता सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो. मशीन गेले का?

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या म्हणजे सेल संपत आल्याची मशीनने दिलेली सूचना होय. वेळ तोवर बरोबर राहते, पण सेल लगेच बदला. मेलेला सेल आत राहिला तर पाझरून सर्किट खातो. नवा सेल घेताना त्यावर ‘एसआर’ अक्षरे आहेत हे पाहून घ्या. तो सिल्व्हर ऑक्साइडचा असतो आणि शेवटपर्यंत जवळपास सारखाच विद्युतदाब देतो. ‘एलआर’ हा अल्कलाइन असतो. तो स्वस्त पडतो, पण त्याचा दाब हळूहळू उतरत जातो.

मे महिन्याचे कारण उष्णता. स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला जुळवलेला असतो आणि त्याहून गरम किंवा थंड झाला की मागेच पडतो. आपल्याकडच्या ४२ अंशांत बंद कपाटात ठेवलेले घड्याळ दिवसाला पाऊण सेकंदाहून थोडे अधिक, म्हणजे महिन्याला पंचवीसेक सेकंद मागे जाऊ शकते. हातावर असताना शरीर त्याला एवढे तापू देत नाही. तेव्हा उन्हाळ्यात ते कपाटात न ठेवता घालत राहा.

प्रश्न : उन्हावर चालणारे घड्याळ सोलापूरला योग्य ठरेल का?

उत्तर : उत्तम ठरेल. तेही क्वार्ट्झच असते. डायलखालची पट्टी उजेडातून वीज बनवते आणि ती पुन्हा भरता येणाऱ्या सेलमध्ये साठते. सिटिझनची बरीचशी इको-ड्राइव्ह घड्याळे पूर्ण भरल्यावर अंधारात सहा महिने चालतात. मात्र ते कायम लांब बाहीखाली राहणार असेल किंवा फक्त लग्नसमारंभापुरते घालून एरवी कपाटात ठेवायचे असेल, तर घेऊ नका. आणि लवकर भरावे म्हणून दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्यावर ठेवू नका. ६० अंशांच्या वर सेल खराब होतो. सकाळी खिडकीत चहा होईपर्यंत ठेवलेले पुरते.