पगारदाराचे कन्सल्टंट झालात. मेडिक्लेमच्या हप्त्याचं काय?

प्रश्न: जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी साच्यांचं डिझाइन करणारा इंजिनिअर आहे. एप्रिल २०२५ पासून कंपनीने मला पगारपत्रकावरून काढून ‘कन्सल्टंट’ केलं. महिन्याला १,१०,००० रुपयांचं बिल देतो. ग्रुप मेडिक्लेम चालू आहे, पण आता हप्त्याचे २,२०० रुपये दरमहा बिलातून कापतात. अमळनेरला राहणाऱ्या आईवडिलांची (वय ६६ आणि ७१) वेगळी पॉलिसी आहे. तिचे ४१,००० मी यूपीआयने भरले. एचआर म्हणतं, मेडिक्लेम करमुक्तच असतो. हे हप्ते व्यवसायाच्या खर्चात दाखवू का?

उत्तर: नाही, खर्चात दाखवू नका. एचआर सांगतं ते फक्त कर्मचाऱ्यांपुरतं खरं आहे. मालकाने कर्मचाऱ्याचा हप्ता भरला तर कलम १७(२) नुसार त्यावर कर लागत नाही, अगदी नव्या करप्रणालीतही. पगारपत्रकावरून नाव निघालं तेव्हा तुमची ती सवलत संपली. आता तुमचं उत्पन्न व्यवसायाचं आहे, आणि स्वतःचा व घरच्यांचा विमा हा त्या व्यवसायाचा खर्च नव्हे. वजावट मिळते ती कलम ८०डी खाली, आणि तीही फक्त जुन्या करप्रणालीत.

तिथला हिशेब असा. तुमचा कापलेला हप्ता वर्षाला २६,४०० होतो, पण मर्यादा २५,००० आहे. आईवडील साठीपुढचे असल्याने त्यांच्यासाठी ५०,००० पर्यंत मुभा आहे, म्हणून ४१,००० पूर्ण बसतात. ते तुमच्यावर अवलंबून असण्याचीही अट नाही. एजंटाच्या हातात रोख दिले असते तर मात्र एक रुपयाही धरला गेला नसता. एकूण वजावट ६६,०००.

आता ती घ्यावी का, ते पाहा. इंजिनिअरिंगच्या व्यवसायाला कलम ४४एडीए लागू होतं: वर्षाच्या १३,२०,००० जमेपैकी निम्मे, म्हणजे ६,६०,००० उत्पन्न दाखवायचं. दुसरं उत्पन्न नाही असं धरलं, तर नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य येतो. जुनीत ६६,००० वजा जाऊनही ५,९४,००० उरतात आणि सेससह ३२,५५२ रुपये कर बसतो. कलम ८०सी मध्ये पुरेसं भरलं असेल तर तिथेही शून्य येईल, पण शून्याच्या खाली काही जात नाही. व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याला जुन्या प्रणालीत जायला फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि तिथून एकदा नव्या प्रणालीत परत आलं की पुन्हा जुन्या प्रणालीत जाता येत नाही. केवळ मेडिक्लेमसाठी तो फॉर्म भरू नका.

बिलाकडे मात्र लक्ष द्या. बिल पूर्ण १,१०,००० चंच हवं. टीडीएस त्यावर, आणि २,२०० ची कपात वेगळ्या ओळीत. कंपनीने १,०७,८०० वरच टीडीएस कापला असेल, तरी तुमची जमा १,१०,००० च धरायची. २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या टीडीएसचा तक्ता) उघडून कलम पाहा. १९४जे (व्यावसायिक फीवरचा टीडीएस) असेल तर १० टक्के दराने वर्षाचे १,३२,००० अडकलेले असतील. आयटीआर-४ भरून ते परत मिळवा. सवयीने पगारदारांचा आयटीआर-१ भरलात तर व्यवसायाची जमा त्यात बसणार नाही आणि नोटीस येईल. उद्या कंपनीने हप्ता स्वतःच्या खिशातून भरला, तर तो तुमच्या व्यवसायाला मिळालेला लाभ ठरतो. असे लाभ वर्षात २०,००० च्या वर गेले की त्यावर टीडीएस लागतो.

ही कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. २०२५-२६ चं रिटर्न त्याच कायद्याखाली भरायचं आहे.

खरी काळजी कराची नाही, दाव्याची आहे. ग्रुप पॉलिसी ‘कंपनीचे कर्मचारी’ या गटासाठी काढलेली असेल आणि तुम्ही कर्मचारी नसाल, तर हप्ता कापला जात असूनही विमा कंपनी दावा नाकारू शकते. घरातलं माणूस नाशिकच्या हॉस्पिटलात दाखल असताना हे कळणं फार वाईट. म्हणून याच आठवड्यात कंपनीकडून लेखी घ्या: पॉलिसी कोणत्या गटासाठी आहे, त्यात कन्सल्टंट येतात का, आणि तुमच्या नावाचं प्रमाणपत्र. उत्तर टाळलं, तर गटात नाव आहे तोवर त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज करा. त्याने जुन्या आजारांसाठी आधीच काढलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. वैयक्तिक पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही.

अजून एक. हजेरीचं मशीन, ठरलेली वेळ, रजेला साहेबांची परवानगी हे सगळं आधीसारखंच असेल, तर करारावर ‘कन्सल्टंट’ लिहिल्याने तुम्ही आपोआप कन्सल्टंट ठरत नाही. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा दावा उभा राहू शकतो. पण कोर्टात ‘मी कर्मचारी’ म्हणालात, तर समोरचा वकील तुमचं ४४एडीएचं रिटर्न पुढे करेल. तो दावा करायचा मनात असेल, तर हजेरीच्या नोंदी आणि ईमेल जपून ठेवा आणि रिटर्न भरण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला ते दाखवा.