खण, खाच आणि काच

प्रश्न : आम्ही गिरगावात घरीच कोकम आणि आवळ्याचं सरबत करतो. पाऊण लिटरच्या काचेच्या बाटल्या, बारा-बाराचे खोके, पुण्याला टेम्पोने जातात. मध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबतो, तरी दर खेपेला एखादी बाटली फुटतेच. आणि एक फुटली की बाकीच्या अकरा चिकट होऊन परत येतात. बाजारातली तयार पार्टिशन आमच्या बाटलीला बसत नाहीत. पुठ्ठ्याचं पार्टिशन घरी करता येईल का? मापं कशी काढायची?
— एक वाचक भगिनी, गिरगाव

उत्तर : करता येईल ताई, आणि नीट करता येईल. साकीनाक्याच्या आमच्या शेडमध्ये रोज हेच काम चालतं, म्हणून तुमच्या पत्राला आज जास्त जागा देते. बाकीच्या दोघांनी समजून घ्यावं.

आधी बाटली का फुटते ते बघू. कागदाचे बोळे भरताना घट्ट वाटतात, पण टेम्पो पनवेल ओलांडेपर्यंत दबून खाली बसलेले असतात. मग बाटलीवर बाटली आपटायला लागते. काच दाब भरपूर सोसते, पण काचेवर काच घासली की वरच्या थरावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात. पुढचा ठोका नेमका तिथे बसला की तडा जातो. म्हणून पार्टिशनकडून एकच काम हवं, काचेला काच लागता कामा नये. बाटली आवळून धरायची गरज नाही.

मापाची सुरुवात बाटलीपासून करा. बहुतेक घरगुती व्यवसायात आधी खोका विकत आणला जातो आणि मग बाटल्या त्यात कशाबशा बसवल्या जातात. तिथेच सगळं बिघडतं. तुमच्याकडच्या वेगवेगळ्या खेपांतल्या दहा-बारा बाटल्या काढा. जुन्या बाटल्यांच्या व्यापाऱ्याकडून घेत असाल तर एकाच गोणीत दोन-तीन साच्यांच्या बाटल्या मिसळलेल्या असतात, दिसायला सारख्या, पण जाडीत दीड-दोन मिलिमीटरचा फरक. व्हर्नियर (जाडी बारीक मोजायचं साधन) नसेल तर दोन विटा घ्या, मध्ये बाटली उभी करा, विटा दोन्ही बाजूंनी टेकवा आणि त्यांच्यामधलं अंतर पट्टीने मोजा. बाटलीच्या अंगावर साच्याच्या जोडाची बारीक रेघ असते. एकदा रेघा विटांकडे करून मोजा, एकदा बाटली पाव फेरा फिरवून. बाटली क्वचितच पुरती गोल असते. शिवाय बुडाशी आणि खांद्याशी वेगवेगळं मोजा, कारण बाटल्या एकमेकींना तिथेच भिडतात. सगळ्यांत जास्त भरेल तो आकडा आपला.

समजा तो ७६ मिलिमीटर आला आणि उंची २९०. मोकळ्या जागेसाठी ३ मिलिमीटर धरा, म्हणजे एक खण ७९ चा. पार्टिशनला तीन प्लायचा म्हणजे तीन थरांचा, बारीक पन्हळीचा (मधल्या थराच्या लाटा बारीक असलेला) पुठ्ठा घ्या. तो साधारण ३ मिलिमीटर जाड असतो. चार गुणिले तीनची मांडणी केली तर आतली लांबी चार खण आणि मधल्या तीन पट्ट्या, म्हणजे ३१६ अधिक ९, एकूण ३२५. रुंदी तीन खण आणि दोन पट्ट्या, २३७ अधिक ६, एकूण २४३. खोका या मापाचा सांगा. भरल्यावर त्याचं वजन सतरा-अठरा किलोच्या घरात जाईल, तेव्हा बाहेरचा खोका पाच प्लायचाच हवा, त्यात काटकसर करू नका.

आता पट्ट्या. लांब दोन, आखूड तीन, आणि निम्म्या उंचीपर्यंत पाडलेल्या खाचांतून त्या एकमेकींत अडकतात. लांब पट्टी ३२५ ऐवजी ३२२ ची कापा, आखूड २४३ ऐवजी २४० ची, म्हणजे खोक्यात भरताना अडणार नाही. लांब पट्टीवर खाचांचे मध्य एका टोकापासून ७९, १६१ आणि २४३ वर येतील. आखूड पट्टीवर ७९ आणि १६१ वर. शेवटच्या खाचेपासून दुसरं टोकही ७९ वरच येतं का ते मोजा. येत नसेल तर कुठेतरी आखणी चुकली आहे, कापू नका.

उंचीबद्दल दोन मतं आहेत. नुसतं काचेला काच लागू नये एवढंच हवं असेल तर पट्टी बाटलीच्या खांद्याच्या थोडी वर गेली की पुरते, पुठ्ठाही वाचतो. पण तुमचे खोके टेम्पोत एकावर एक चढतात. अशा वेळी पट्टी झाकणापर्यंत न्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण उभी पट्टी वरच्या खोक्याचं ओझं घेते आणि बुचांवर भार येत नाही. तळाला ३ मिलिमीटरचा पुठ्ठ्याचा पॅड, त्यावर २९० ची बाटली, वर जरा सूट, असं धरून खोक्याची आतली उंची २९५ आणि पट्टीची २९१ ठेवा.

खाच उंचीच्या निम्मी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अगदी निम्मी पाडली तर पट्ट्या कधीच सपाट बसत नाहीत, कुठे ना कुठे एक पट्टी वर राहते आणि झाकण फुगतं. २९१ चं निम्मं १४५.५, खाच १४७ ची पाडा. दोन्ही पट्ट्यांना तीच. रुंदीला ३ मिलिमीटरच्या पुठ्ठ्याला ४ मिलिमीटरची खाच द्या. जास्त वाटेल, पण याचं कारण सांगते. आमच्याकडे बायका जमिनीवर बसून पार्टिशन जुळवतात. जुळवून झालं की दोन समोरासमोरचे कोपरे धरून ओढतात आणि अख्खी जाळी तिरकी होऊन चपटी मिटते. अशी मिटलेली पार्टिशन थप्पी लावून सुतळीने बांधली की गठ्ठा भिंतीला टेकवून ठेवता येतो. खाच घट्ट असेल तर जाळी मिटतच नाही, ओढली की फाटते. गिरगावातल्या खोलीत शंभर उभी पार्टिशन ठेवायला जागा कुठून आणणार?

पुठ्ठ्याची पन्हळ उभी हवी. पट्टी खोक्यात उभी राहिल्यावर आतल्या नळ्या वरपासून खालपर्यंत गेलेल्या दिसल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर पट्टी ओझ्याखाली मध्येच दुमडते. ताव कापण्याआधी त्याच्या कडेला बघा, जिथे नळ्यांची तोंडं दिसतात ती कड पट्टीच्या वरच्या आणि खालच्या बाजूला आली पाहिजे.

कापण्यासाठी हार्डबोर्डचा एक फर्मा करून घ्या, दर वेळी मोजपट्टीने आखत बसू नका. खाचेच्या आतल्या टोकाला चामड्याचं छिद्र पाडायच्या पंचने आधी गोल भोक पाडा, मग दोन्ही बाजूंनी कटर ओढून मधला तुकडा काढा. चौकोनी कोपरा राहिला की पुठ्ठा तिथून फाटायला लागतो. गोल टोकाने तो प्रश्न बराच मिटतो. लांब पट्ट्या खाचा वर करून उभ्या करा, आखूड पट्ट्या वरून खाली दाबा.

पहिलं पार्टिशन झालं की बाटल्यांत सरबताऐवजी पाणी भरा, खोका बंद करून चिकटपट्टी लावा, दोघींनी धरून चारी बाजूंना कलता करा आणि हलवा. कान लावून ऐका. काचेवर काच वाजली की तो आवाज लपत नाही. वाजली तर कुठल्या खणात ते शोधा. बहुधा कोपऱ्यातल्या पट्टीचं टोक आखूड पडलेलं असतं.

शिवाय पावसाळा. कोकम तुम्ही एप्रिल-मेमध्ये करत असाल आणि माल जुलैपर्यंत जात असेल. हवेत ९० टक्क्यांच्या आसपास दमटपणा असला तर पन्हळी खोक्याची ओझं सोसायची ताकद कोरड्या दिवसांतल्याच्या निम्म्यावर येऊ शकते. जे खोके मेमध्ये तीन थर सहज घेतात, ते जुलैत घेतीलच असं नाही. पार्टिशनचे गठ्ठे चाळीच्या गॅलरीत ठेवू नका, खोलीत फळीवर ठेवा, वर प्लास्टिक टाका आणि पावसाळ्यात टेम्पोवाल्याला दोनच थर लावायला सांगा. विक्री वाढली की हीच मापं घेऊन वसई किंवा भिवंडीकडच्या खोक्यांच्या कारखान्यात जा. त्यांच्याकडे पार्टिशनला खाचा पाडायचं मशीन असतं. मापांचा कागद तयार असला की ते तुम्हाला त्यांच्याकडचं तयार माप गळ्यात मारू शकत नाहीत.

प्रश्न : चेंबूरच्या सोसायट्यांमध्ये मी एक लिटरच्या काचेच्या बाटल्यांतून दूध पोचवतो. रिकाम्या बाटल्या त्याच प्लास्टिकच्या क्रेटमधून परत येतात. सुताराकडून सहा मिलिमीटर प्लायचं खाचांचं पार्टिशन करून घेतलं. ते वर सैल आणि खाली अडकतं, पावसात काळं पडलं, आणि बाटली उपसली की पट्टीही वर येते. प्लाय बदलून काय वापरू?
— एक दूधविक्रेता, चेंबूर

उत्तर : दादा, सुताराने क्रेटचं माप वरच्या कडेला घेतलं असणार. साच्यातून सुटून यावी म्हणून प्लास्टिकच्या क्रेटची भिंत किंचित तिरकी असते, वर रुंद आणि खाली अरुंद. माप तोंडाशीही घ्या आणि तळाशीही. पट्टीची दोन्ही टोकं त्या उतारानेच कापावी लागतात. तळाचे कोपरे गोल असतात, तिथे पट्टीचा कोपराही छाटायचा. आधी पुठ्ठ्याची पट्टी कापून क्रेटमध्ये बसवून बघा, ती नीट बसली की तिच्यावरूनच पक्कं कापा.

प्लाय दुधाला नकोच. चांगल्या मरीन प्लायचा डिंक पाण्याला टिकतो, पण खाच पाडली की लाकडाची कड उघडी पडते आणि पाणी तिथूनच आत जातं. तुमचं क्रेट रोज धुतलं जातं. दोन पत्र्यांमध्ये नळ्या असलेली पोकळ प्लास्टिक शीट स्वस्त मिळते, तीही टाळा. सांडलेलं दूध नळ्यांत शिरलं की कुठलाही ब्रश तिथे पोचत नाही, दोन दिवसांत वास सुटतो. ३ मिलिमीटरची भरीव एचडीपीई (एक घट्ट प्लास्टिक) शीट घ्या. ती दबत नाही, म्हणून खाच पुठ्ठ्याइतकी सैल नको, ३.२ ते ३.३ पुरे. खाचेच्या टोकाला ड्रिलने भोक पाडूनच करवत चालवा.

बाटलीबरोबर वर येते ती खाचा खाली असलेली पट्टी. तिला वरून काहीच धरत नाही आणि ओली बाटली तिला घासत ओढते. त्या पट्ट्यांच्या खालच्या कडेजवळ दोन-दोन छिद्रं पाडा आणि नायलॉनच्या टायने क्रेटच्या तळाच्या जाळीला बांधून टाका. महिन्यातून एकदा टाय कापून पट्ट्या घासून धुता येतात, नवी टाय रुपया-दोन रुपयांची. पट्ट्यांच्या खालच्या कडेला जागोजागी अर्धगोल कापा म्हणजे पाणी साचणार नाही. पट्टीची वरची कड क्रेटच्या हँडलच्या खाली राहिली पाहिजे, नाहीतर तुमचा माणूस पहाटे चार वाजता तीन जिने चढताना बोटं आत घालू शकणार नाही. आणि भरलेल्या बाटलीचं तोंड क्रेटच्या कडेच्या खालीच राहतं ना, हे तपासा. वरचं क्रेट खालच्या क्रेटवर टेकायला हवं, बाटल्यांवर नाही.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी छोट्या बाटल्यांच्या पेटीत ३ मिलिमीटर एमडीएफचं (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या तावाचं) पार्टिशन लेझरवर कापलं. सगळ्या खाचा बरोबर ३ मिलिमीटरच्या काढल्या होत्या. एका तावाच्या पट्ट्या डुगडुगतात, दुसऱ्या तावाच्या आत शिरतच नाहीत. असं का?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : बेटा, तावावर ३ लिहिलं म्हणजे तो ३ असतोच असं नाही. एक ताव २.८ भरतो, दुसरा ३.१. त्यात लेझर स्वतः जाळून थोडी जागा खातो, त्यामुळे खाच काढलेल्या मापापेक्षा मोठी होते. प्रत्येक ताव व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोज. मग त्याच तावाच्या कडेच्या तुकड्यावर एक कंगवा काप, खाचा २.७ पासून ३.२ पर्यंत, ०.१ च्या फरकाने, आणि प्रत्येकीजवळ आकडा कोरून घे. त्याच तावाचा तुकडा हलक्या हाताने दाबून जिथे बसतो आणि उलटा धरला तरी पडत नाही, तो आकडा घे. ड्रॉइंगमध्ये खाचेची रुंदी एकाच ठिकाणी बदलता येईल अशी ठेव म्हणजे ताव बदलला तरी सगळं पुन्हा काढावं लागणार नाही. एमडीएफ पावसाळ्यात कडेने फुगतो, म्हणून कडांना लाखेचा हात दे. मात्र लाख लावणार असशील तर कंगव्यालाही लाख लावून, सुकवून मगच माप ठरव. सुकलेला थर खाचेच्या दोन्ही बाजूंनी जागा घेतो.