काळ्या घोड्याचा स्वार भायखळ्यात

प्रश्न : गेल्या महिन्यात सातवीतल्या मुलीला मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी दाखवायला नेलं होतं. बाहेर आल्यावर चौकातला काळ्या घोड्याचा पुतळा पाहून तिने विचारलं, "आई, ह्याच्यावर बसणारा माणूस कुठे गेला?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगाल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. रोज तिथून जाणाऱ्या माणसांनाही हा प्रश्न पडत नाही.

तुम्ही पाहिलात तो घोडा २०१७ मध्ये बसवलेला, शिल्पकार श्रीहरी भोसले यांचा. त्याच्यावर स्वार मुद्दामच ठेवलेला नाही. मूळ पुतळा १८७९ चा. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, १८७५ मध्ये मुंबईत येऊन गेला. त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला. लोकांनी राजपुत्राला बाजूला ठेवून नाव दिलं ते घोड्याला. पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला, पण चौकाचं नाव काही हललं नाही. पन्नासेक वर्षं चौकात घोडाच नव्हता आणि तरी सगळे 'काळा घोडा'च म्हणत राहिले, ही गोष्ट मला फार आवडते.

तो जुना घोडा स्वारासकट भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात आहे. पुढच्या वेळी मुलीला भायखळ्याला आणा. मी याच भागात वाढले, पुढे चित्रकला शिकवली आणि शाळेच्या मुलांना स्केचिंगसाठी कायम इथेच आणलं. बागेला लागूनच असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात रस्त्यांवरून उठवलेले आणखी ब्रिटिश पुतळे आहेत. उंच चौथरे गेल्यामुळे ते हाताच्या अंतरावर आले आहेत. संगमरवरात कापडाची चुणी कशी कोरतात, हे मुलांना इथे जवळून दाखवता येतं. चौकातल्या उंच पुतळ्यांत ते कधीच दिसत नाही.

आणि दगडी हत्ती चुकवू नका! घारापुरीच्या बेटावरचा हा हत्ती. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. १८१४ मध्ये त्याची मान निखळली. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून १९१४ मध्ये जोडले. मुलीला म्हणावं, हत्तीचं चित्र काढताना सांधेसुद्धा काढ. माझ्या विद्यार्थ्यांची सगळ्यांत चांगली चित्रं या सांध्यांचीच असत.

प्रश्न : सासरे जे. जे. रुग्णालयात दाखल आहेत. दुपारी मला दोन-तीन तास मोकळे मिळतात. कँटीनच्या गर्दीत जीव घुसमटतो. जवळपास शांत बसता येईल असं काही आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वहिनी, आहे. टॅक्सी करून सरळ राणीच्या बागेत जा. पेंग्विन आल्यापासून त्यांच्या दालनाशी रांग असते. तिकडे वळूच नका, झाडांकडे जा. ही बाग १८६२ पासूनची आणि मुळात वनस्पतींची. गोरखचिंचेचं खोड बघा, कैलासपतीची फुलं बघा. उन्हाळ्याच्या तोंडाला आलात तर उर्वशीचं झाड फुललेलं मिळेल, लाल झुंबरं लोंबकळावीत तशी. सावलीतला बाक गाठा आणि फोन पिशवीत ठेवा. आजारपणात घरच्या माणसानेही जरा टेकायला हवं, हे मी स्वतः रुग्णालयाच्या फेऱ्या मारताना याच बागेत शिकले. ऊन फार असेल तर शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरा. वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या बाहुल्यांतून जुन्या मुंबईतली माणसं, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे मांडले आहेत. घाई न करता एकेक कपाट पाहण्यासारखं आहे.

बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. त्या दिवशी रुग्णालयापासून जवळच असलेलं निळं मागेन डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बाहेरून तरी पाहा. डेव्हिड ससून यांनी १८६४ मध्ये बांधून घेतलेली ही वास्तू, वर घड्याळाचा मनोरा. आत जायचं तर आधी परवानगी विचारावी लागते.

सासऱ्यांना लवकर आराम पडो.

प्रश्न : भायखळ्याच्या पुलावरून जाताना उंच खांबावर एक पारशी गृहस्थ दिसतात. ते कोण?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तो 'खडा पारशी', शेठ करसेटजी माणेकजी. पुतळा उभारला त्यांचे चिरंजीव माणेकजी करसेटजी यांनी. मुलींच्या शिक्षणासाठी १८६३ मध्ये अलेक्झांड्रा शाळा काढणारे ते हेच. खांब सुमारे ४० फुटी, पायथ्याशी चार जलपऱ्या. कित्येक वर्षं हे सगळं दुर्लक्षित पडलं होतं, २०१४ मध्ये डागडुजी झाली. उड्डाणपुलाचे दोन फाटे त्याला दोन्ही बाजूंनी वेढतात, म्हणून गाडीतून शेठजी दिसतात आणि जलपऱ्या राहून जातात. एकदा खाली उतरून, रहदारी सांभाळून, चालत जा.