पगारपत्रक बदलण्याआधी वेतनाचा हिशेब करा

प्रश्न : भोसरीत आमचं सुटे भाग बनवणारं वर्कशॉप आहे, कामगार 42. बहुतेकांचा पगार 40,000 रुपये : मूळ पगार व महागाई भत्ता 16,000, घरभाडे 12,000, प्रवास भत्ता 6,000, विशेष भत्ता 6,000. सल्लागार म्हणतात, नव्या कामगार संहितांमुळे मूळ पगार 20,000 करून टाका. राज्याचे नियम येईपर्यंत थांबू का?

उत्तर : थांबू नका, पण पगारपत्रकालाही लगेच हात लावू नका. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहेत आणि वेतनाची व्याख्या मूळ कायद्यातच आहे.

घरभाडे आणि प्रवास भत्ता वेतनातून वगळले जातात. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरची रक्कम वेतनात धरायची. ‘विशेष भत्ता’ मात्र त्या यादीत नाही. कामाचा ठरावीक खर्च भागवण्यासाठी तो दिला जात नसेल, तर सगळा वेतनात येतो. म्हणून तुमचं वेतन 16,000 अधिक 6,000, म्हणजे 22,000 धरा. सल्लागारांचा हिशेब इथेच चुकतो आहे.

पीएफ 15,000 च्या मर्यादेवर कापत असाल तर कपात 1,800 च राहील, कामगाराच्या हातातला पगार घटणार नाही. हे त्यांना आत्ताच सांगा. अफवा फार लवकर पसरतात. खरा बोजा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांनुसार द्यायच्या रकमेचा आहे. वेतन भागिले 26 गुणिले 15 केलं, की सेवेच्या दर वर्षामागे 9,231 ऐवजी 12,692 रुपये होतात. शेवटचं वेतन सगळ्या सेवेला लागू होत असल्याने दहा वर्षांच्या कामगारामागे सुमारे 34,600 रुपये वाढतील. ताळेबंदात तशी तरतूद करा.

मुदतीच्या करारावरच्या कामगाराला ग्रॅच्युइटी एका वर्षाच्या सेवेनंतर लागू होते. ती टाळायला अकरा महिन्यांनी कागदोपत्री खंड दाखवू नका. वाद झाल्यास सेवा सलग धरली जाण्याचा धोका आहे. भत्त्यांची रचना बदलायचीच असेल, तर कामगारांना 21 दिवस आधी बदलाची नोटीस द्या.

नोकरी सोडणाऱ्याचं थकलेलं वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं आहे. ‘नो ड्यूज’च्या (काही देणं बाकी नसल्याच्या) सह्या आणि रजेचा हिशेब नोटीस काळातच उरका, नाहीतर ही मुदत हमखास हुकते. ग्रॅच्युइटीला 30 दिवस मिळतात.

वीस किंवा अधिक कामगार असल्याने तक्रार निवारण समिती नेमा; मालक आणि कामगार प्रतिनिधी समसमान हवेत. नेमणूकपत्र नसलेल्या जुन्या कामगारांना ते संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचं होतं. कुणाचं राहिलं असेल तर आजच्या तारखेने द्या, मागची तारीख घालू नका.