रक्तदाबाच्या नोंदी ठरलेल्या वेळी घेतलेल्या नसतील, तर सकाळ-संध्याकाळची सरासरी कशी काढावी?

आपल्याकडे तीन महिन्यांच्या नोंदी आहेत, पण कुठल्या दिवशी एक तर कुठल्या दिवशी पाच, आणि वेळाही ठरलेल्या नाहीत, असा आपला प्रश्न आहे. माझ्या वडिलांची रक्तदाबाची वही मी दोन वर्षे एक्सेलमध्ये उतरवत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

सगळ्या नोंदींची थेट सरासरी काढू नये, कारण माणूस ज्या दिवशी घाबरतो त्याच दिवशी यंत्र पुन्हा पुन्हा लावतो. एका आठवड्यात वडिलांनी चार संध्याकाळी एकेकदाच मोजले, तेव्हा वरचा आकडा १३०, १३४, १३२ आणि १२८ आला. पाचव्या संध्याकाळी मात्र त्यांनी सहा वेळा मोजले आणि त्या सहांची सरासरी १५० निघाली. दहाही नोंदी एकत्र धरल्या तर सरासरी १४२.४ येते, आधी प्रत्येक संध्याकाळचा एकच आकडा काढून मग त्या पाचांची सरासरी घेतली तर १३४.८ येते. घरी मोजलेल्या रक्तदाबासाठी १३५ ही वरच्या आकड्याची सीमा सर्वसाधारणपणे मानली जाते, हे लक्षात घेतल्यास हा फरक किरकोळ नाही.

दिवसाचे सकाळ, दुपार, संध्याकाळ असे कप्पे पाडताना घड्याळापेक्षा दिनक्रम पाहावा. रक्तदाब झोपेत उतरतो आणि जाग येताना चढतो. शिवाय सकाळच्या सहाच्या आणि दहाच्या नोंदींच्या दरम्यान रक्तदाबाची गोळी घेतलेली असेल, तर त्या दोन्ही ‘सकाळ’ या एकाच कप्प्यात टाकणे चुकीचे ठरते.

एक्सेलमध्ये तारीख आणि वेळ मिळून एकच संख्या असते: पूर्णांक म्हणजे दिवस, अपूर्णांक म्हणजे वेळ, त्यामुळे सकाळचे सहा म्हणजे ०.२५. रात्री साडेबाराची नोंद आदल्या दिवशीच्या रात्रीत धरली जावी म्हणून मी प्रत्येक नोंदीतून चार तास वजा करून मगच दिवस आणि कप्पा ठरवतो. पुढे पिव्होट टेबलमध्ये (नोंदींचे गट पाडून सारांश काढणारे एक्सेलमधील कोष्टक) दिवस आणि कप्पा यांनुसार सरासरी काढावी. मात्र तळाशी आपोआप येणारी एकूण सरासरी वापरू नये (मी स्वतः कित्येक महिने तीच वापरत होतो), कारण ती पुन्हा मूळ नोंदींवरूनच काढलेली असते. दैनिक सरासरींचा स्तंभ दुसरीकडे उतरवून त्याची सरासरी घ्यावी.

ज्या दिवशी एखाद्या कप्प्यात नोंद नाही, तिथे शून्य न लिहिता जागा रिकामी ठेवावी आणि प्रत्येक सरासरीशेजारी ती किती दिवसांची आहे हे लिहावे. वडिलांचा दुपारचा कप्पा तीनच दिवसांचा निघाला, तेव्हा डॉक्टरांना द्यायच्या कागदावरून मी तो वगळला.