नोकरी संपल्यावर सोबर राहीन ना?

"पंचवीस वर्षं दारूला शिवलो नाही, मॅडम. पण ती मी सोडली की या नोकरीनं सोडवली, हेच कळेनासं झालंय."

ठाण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रातले हे समुपदेशक मार्चमध्ये निवृत्त होणार होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). व्यसनातून बाहेर पडून याच कामाला लागलेल्या अनेकांना ही धास्ती असते.

"मीटिंगला शेवटचे कधी गेलात?" मी विचारलं. मीटिंग म्हणजे दारू सोडलेल्यांनी एकत्र बसून एकमेकांना आधार देण्याची बैठक.

"रोजच असतो की!"

म्हणजे केंद्रातल्या मीटिंगला. तिथे ते सतरंज्या घालून घेत, नव्या पेशंटला बोलतं करत. स्वतःचं शेअरिंग, म्हणजे आपलं मन मोकळं करणं? गप्पच झाले. त्यांचे स्पॉन्सर, म्हणजे दारूपासून दूर राहायला हात देणारे सोबती, कोविडमध्ये गेले, त्यानंतर दुसरे केलेच नाहीत. मुलाचा संसार मोडला, ते दुःखही कुठे मोकळं केलं नव्हतं. पेशंटसमोर कसं करणार?

मला धोका दिसला तो इथे. निवृत्तीनं तो फक्त उघडा पडणार होता. पगारी काम आणि बाराव्या पायरीची सेवा (इतर व्यसनींना विनामोबदला मदत) या दोन गोष्टी, मीटिंग चालवणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसनं आठव्या परंपरेतच, म्हणजे आपल्या बारा मार्गदर्शक तत्त्वांपैकी आठव्यातच, वेगळ्या ठेवल्यात. १९५० साली स्वीकारलेल्या या परंपरा मला आजही फार शहाण्या वाटतात. दुसऱ्याला सावरणं हे आपलं औषध धरलं, की आपला डोस कधी चुकला ते कळतच नाही.

मार्चची वाट न बघता ते कळव्याच्या मीटिंगला जाऊ लागले. तिथे त्यांना 'सर' म्हणणारं कोणी नव्हतं. नवे स्पॉन्सर वागळे इस्टेटमधले फिटर, वयानं बरेच धाकटे. ग्रॅच्युइटीची रक्कम हातात न ठेवता नवरा-बायको दोघांच्या नावे एफडीत टाकायचं ठरलं. एकरकमी पैसा आणि रिकामी संध्याकाळ एकत्र आली की जुनी ओढ उठू शकते, वर्षं कितीही झालेली असोत.

एका गोष्टीवरून मात्र आमचं वाजलं. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवसापासून त्यांना केंद्रात विनामूल्य यायचं होतं. मी म्हटलं, सहा महिने नाही. ते चिडले. तो राग त्यांनी कळव्याला बोलून दाखवला, याचा मला मनापासून आनंद झाला.

वहिनी जाताना हळूच म्हणाल्या, "हे दिवसभर घरी असले की मी कपाटं तपासत बसेन." त्यांना अल्-अ‍ॅनॉनचा पत्ता दिला. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठीच्या या मीटिंगला त्या आता दर आठवड्याला जातात.